मोहरीलबाईंचा प्रबंध

१

मोहरीलबाईंचा प्रबंध कपाटात नव्हता. प्रबंध तर नव्हताच, त्याची जागाही उरली नव्हती. मधलं पुस्तक काढलं की फट राहते, शेजारचं पुस्तक कलतं. इथं सगळी पुस्तकं खांद्याला खांदा लावून ताठ उभी होती. कुणीतरी प्रबंध काढून घेतला होता आणि मग रांग नीट सरकवून ठेवली होती.

जया आडे कपाटासमोर कितीतरी वेळ नुसतीच उभी राहिली. पुन्हा पहिल्यापासून एकेका पाठीवरून बोट फिरवत गेली. मग खाली बसून खालचा कप्पा पाहिला. शेवटी ती टेबलाकडे वळली.

"ताई, प्रबंध नाहीये."

विमलताई थेटे चष्मा सावरत उठल्या. दिग्रसच्या या महाविद्यालयात त्यांची ग्रंथपाल म्हणून सारी नोकरी झाली होती आणि निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. त्यांनी स्वतः कपाट पाहिलं आणि पदराने कपाळ पुसलं.

"काल संध्याकाळपर्यंत होता गं. मी स्वतः पाह्यला."

जया नागपूरला मानववंशशास्त्रात पीएच. डी. करत होती, पण हा प्रबंध तिला पदवीसाठी नको होता. दिग्रस आणि आर्णीच्या मधे, जंगलाच्या कडेला, बरडतांडा नावाचा बंजाऱ्यांचा तांडा आहे. जया तिथलीच. तांड्याचा वनहक्काचा दावा खालच्या समितीत नामंजूर झाला होता. तीन पिढ्यांपासून इथं राहता याला पुरावा काय, असं विचारलं गेलं आणि तांड्याकडे कागद नव्हता. बैल लादून मीठ-धान्य वाहणाऱ्या पूर्वजांनी कागद कुठून ठेवावेत? येत्या सोमवारी यवतमाळला जिल्हा समितीपुढे शेवटची सुनावणी होती.

नागपूरच्या ग्रंथालयात जुनी नियतकालिकं चाळताना एका तळटीपेत जयाला शीला मोहरील हे नाव सापडलं होतं. या बाईंनी साठच्या दशकात बरडतांड्यावर मुक्काम केला होता, म्हाताऱ्यांच्या तोंडून त्यांच्या आज्या-पणज्यांपर्यंतच्या वंशावळी उतरवून घेतल्या होत्या. असे संशोधन-अभ्यास वनहक्काला पुरावा म्हणून चालतात. जयानं मग एकामागून एक ग्रंथालयांच्या याद्या पालथ्या घातल्या. विद्यापीठाच्या प्रतीला वाळवी लागली होती. बाई वारल्या होत्या, घरच्यांकडे काही नव्हतं. उरलेली एकच प्रत दिग्रसला होती, बाईंनी तेव्हा या महाविद्यालयाला भेट दिलेली. मागच्या आठवड्यात जयानं फोन केला तेव्हा विमलताईच म्हणाल्या होत्या, "आहे ना. तुझ्यासाठी काढून ठेवते."

"काढून ठेवला नव्हता का, ताई?"

"राहून गेलं बघ. उघडला पण नाही मी तो. वेळ कुठं असतो." विमलताई खुर्चीत बसल्या. "काल दुपारी रजत सर पोरांचा वर्ग घेऊन आलते. गर्दी होती. आणि तो खदानवाला सुनील पण मागच्या आठवड्यात चकरा मारून गेला."

बाहेर जायला दार एकच, ते विमलताईंच्या टेबलाला लागून. पिशव्या बाहेर ठेवायला लावतात. प्रबंध म्हणजे काही खिशात मावणारी वस्तू नव्हे.

जयाचा चेहरा पाहून विमलताईंनी तिचा हात धरला. जया कॉलेजात होती तेव्हा शेवटची एसटी येईपर्यंत त्या तिला वाचायला बसू देत. त्यांचं माहेर तांड्याशेजारच्याच गावातलं. बापूजी पाटलांच्या त्या कन्या. माहेरच्या वाटेवरची पोर म्हणून जयावर त्यांची माया होती. यादीत कसं शोधायचं, क्रमांकावरून कपाट कसं गाठायचं, सारं जयाला त्यांनीच शिकवलं होतं.

"सापडेल गं. आणि सापडला की वंशावळी, घरं, थडगी एवढंच दाखवा. पूनमसिंगच्या विहिरीसारखं जुनं काही उकरत बसलात, तर गाव विरोधात जाईल. एवढं ऐक माझं."

जयानं मान हलवली. तिचं लक्ष नव्हतं. ती दाराकडे पाहत होती. प्रबंध या दारातून गेला असेल, तर तो आत्ता नेमका कुणाच्या हातात आहे?

२

रजत समाजशास्त्राचा प्राध्यापक होता, जयाहून चार-पाच वर्षांनी मोठा. तो स्टाफरूममध्ये एकटाच डबा खात बसला होता. जयानं विचारताच त्यानं डब्याचं झाकण लावलं.

"म्हणजे मी चोरला?"

"असं म्हटलं नाही मी, सर."

"म्हणायचं तेच आहे तुम्हाला. तो प्रबंध मला संपादित करून छापायचा होता. दिवाळीआधीपासून मी ताईंच्या मागे लागलोय. घरी न्यायला मिळाला नाही, फोटोप्रतीला परवानगी नाही. आणि आता नागपूरहून तुम्ही येता आणि तुमच्यासाठी तो काढून ठेवला जातो." त्याच्या आवाजातला कडवटपणा खरा होता. "काल वर्ग घेऊन गेलो तेव्हा मीही शोधला. तीनशे पाचच्या कपाटात पाहिला, तीनशे सहाच्या पाहिला. नव्हता."

"काल दुपारी नव्हता?"

"नव्हता. ताईंना म्हटलंही. म्हणाल्या, पाहते."

ताई तर संध्याकाळपर्यंत होता म्हणाल्या होत्या. दोघांपैकी एक जण खोटं बोलत होता, आणि रजतकडे खोटं बोलायला कारण होतं. प्रबंध दुसऱ्या कुणी पाहण्याआधी छापला, तर नाव त्याचं होणार होतं.

"पुरावा हवाय?" रजतनं मोबाइल पुढं केला. "दिवाळीत पाहिला तेव्हा हे दोनच फोटो काढले. चोरायचा असता तर तेव्हाच सगळाच काढला असता."

एका फोटोत अनुक्रमणिका होती. वंशावळी, थडगी आणि देवस्थानं, लग्नविधी, आणि शेवटी नुसतं 'नकाशा'. दुसऱ्या फोटोत प्रबंधाची पाठ होती. काळ्या कापडी बांधणीवर क्रमांकाची पांढरी चिठ्ठी होती, तीनशे पाचची. चिठ्ठीचा एक कोपरा सुटला होता. त्याखाली आणखी जुनी, पिवळी पडलेली चिठ्ठी डोकावत होती. तिच्यावरचे पाच आणि सात हे दोन आकडे दिसत होते, पुढचं झाकलेलं होतं.

"मला विचारण्याऐवजी सुनीलला विचारा," रजत म्हणाला. "त्याला हा प्रबंध कशाला हवा होता, ते विचारा. समाजशास्त्र शिकायला नक्कीच नाही."

३

सुनीलचं ऑफिस कापूसबाजाराच्या रस्त्यावर, एका जिनिंगच्या समोर होतं. महाविद्यालयाच्या संस्थाचालकांचा तो पुतण्या. तांड्यामागच्या टेकडीवर त्याला दगडाची खदान हवी होती. टेकडी तांड्याच्या ताब्यात गेली, तर ती मिळणार नव्हती. लपवाछपवी हा त्याचा स्वभावच नव्हता.

"बसा मॅडम. चहा घ्या. हो, मीच मागितला तो ग्रंथ. तुमचे लोक बोलून राह्यले ना, नागपूरहून पुरावा येनार म्हणून. मले पाह्यचं होतं काय पुरावा हाये ते."

"मग?"

"मंग काय. ताईनं नाही म्हटलं. म्हटलं, असा ग्रंथ आमच्याकडं नाही. मी म्हटलं, लिहून द्या. दिलं." त्यानं खणातून एक कागद काढून तिच्यापुढं ठेवला. महाविद्यालयाचा शिक्का, खाली विमलताईंची सही. शीला मोहरील यांचा प्रबंध ग्रंथालयात आढळत नाही. तारीख गेल्या आठवड्यातली, जयानं फोन केला त्यानंतर लगेचची.

जयानं तारीख दोनदा वाचली. "याची झेरॉक्स मिळेल?"

"खुशाल घ्या. सोमवारी माहा वकील हेच दाखवनार हाये. उद्या तुम्ही कुठून ग्रंथ पैदा करून आनला, तर तो खोटा ठरवायले हा कागद पुरे."

बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. त्या गर्दीतून चालताना जयाच्या छातीवरचं ओझं जरा उतरलं. तिला आता सगळं समजल्यासारखं वाटत होतं. सुनील आला, ताईंना त्याचा डाव कळला, म्हणून त्यांनी ग्रंथ नाहीच असं सांगून टाकलं आणि प्रबंध कुठंतरी सुरक्षित ठेवला. कुणाच्या कानावर जाऊ नये म्हणून जयापाशीसुद्धा बोलल्या नाहीत. ताई आपल्या बाजूच्या आहेत.

तिला ते मानून टाकायचं होतं. आर्णीकडे जाणाऱ्या एसटीत बसेपर्यंत तिनं ते मानलंही.

४

खेमसिंग नायक तुरीच्या वावरातून नुकताच आला होता. पंचाहत्तरी उलटलेला, तरी अंगानं काटक. जया लहान असताना तिचा बाप गेला, तेव्हापासून या काकानंच तिला शिकवलं. तो बाजेवर बसून सगळं ऐकत गेला.

"मंग सापडन म्हन्तं तू?"

"सापडेल, काका. ताईंनीच ठेवला असणार. फक्त त्या म्हणतात, वंशावळी दाखवा, पूनमसिंगच्या विहिरीचं काढू नका."

खेमसिंगचा हात थांबला. तंबाखू तळहातावर तशीच राहिली.

"कोनाच्या विहिरीचं?"

"पूनमसिंगच्या. कुठली आहे ती?"

"हे नाव तुले कोनं सांगतलं?"

"ताईंनी. म्हणजे बोलता बोलता त्या म्हणाल्या."

खेमसिंग उठला. हात झटकून त्यानं पश्चिमेकडं बोट केलं. नाल्यापलीकडं बापूजी पाटलाच्या संत्र्याच्या बागेची हिरवी रेघ दिसत होती.

"बागेत विहीर हाये ना, ते. पूनमसिंग माह्या आज्याचा बाप. त्यानं खंदली. तांडा तिथंच पानी भरे. मंग बाहत्तरच्या दुष्काळात बापूजीनं कुंपन घातलं. तवापासून सारा गाव तिले बापूजीची विहीर म्हन्ते. आमीबी तेच म्हन्तो. माहा बाप गेल्यावर पूनमसिंगचं नाव म्या कोनाच्या तोंडून आयकलं नाही. पोरायले म्या सांगतलं नाही. कायले सांगू? पानी तर गेलंच."

"मग ताईंना हे नाव कुठून कळलं?"

"तेच म्या तुले इचारून राह्यलो, बाई."

जया खाली बसली. गावात ते नाव कुणी घेत नाही. तांड्यातही नाही. ते नाव आता एकाच ठिकाणी असू शकत होतं. मोहरीलबाई आल्या तेव्हा विहीर तांड्याची होती, आणि त्यांच्या प्रबंधात नकाशा होता. प्रबंध उघडलाच नाही म्हणणाऱ्या विमलताईंनी तो उघडला होता. शेवटच्या पानापर्यंत पाहिला होता. आणि त्या पानावर त्यांच्या वडिलांची बाग जिथं असायला हवी, तिथं तांड्याची विहीर होती.

सुनीलपासून लपवला, हे खरं होतं. पण एकट्या सुनीलपासून नव्हे.

५

सकाळी ग्रंथालय उघडलं तेव्हा जया दारातच होती. विमलताईंनी तिच्याकडे पाहिलं आणि नजर कपाटाच्या किल्ल्यांकडे वळवली. जया काही न बोलता आत गेली.

एसटीत ती हाच विचार करत आली होती. ज्याला पुरावा नको असतो, तो जाळतो, फाडतो, विहिरीत टाकतो. ताई तसं करतील का? साधं पान दुमडलं तरी त्या मुलांना रागवत. सगळा जन्म पुस्तकं जपण्यात गेलेल्या बाईचा हात पुस्तक फाडायला धजणार नाही. घरी नेला तर हल्ली त्यांच्याकडेच राहणाऱ्या बापूजींच्या आणि सुनेच्या डोळ्यांसमोर. म्हणजे प्रबंध याच खोलीत आहे. 'चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक म्हणजे हरवलेलंच पुस्तक,' असं त्या दरवर्षी नव्या मुलांना सांगत. पण ज्याला ते पुन्हा शोधायचंय, तो कुठंही ठेवत नाही. त्याच्या डोक्यात क्रमांक असतो.

मानववंशशास्त्राच्या कपाटातून तिनं सगळ्यात जुनी तीन पुस्तकं काढली. प्रत्येकाच्या पाठीवरची चिठ्ठी नखानं हळूच उचलून पाहिली. तिन्ही चिठ्ठ्यांखाली जुनी चिठ्ठी होती आणि तिन्हींवर पाचशे बहात्तर. एकेकाळी हा विषय त्या क्रमांकावर होता. पुढं वर्गीकरण बदललं, विषय तीनशेच्या घरात आला आणि पुस्तकांना नव्या चिठ्ठ्या लागल्या. रजतच्या फोटोत डोकावणारे पाच आणि सात हे आकडे त्यातलेच होते. रजत नव्या काळात शिकलेला, त्यानं तीनशेतच शोधलं. नव्या मांडणीत पाचशे बहात्तरवर काय असतं, हे तिनं कपाटांच्या पाट्यांवर पाहिलं. जीवरसायनशास्त्र.

विज्ञानाची कपाटं खोलीच्या पार टोकाला होती. एन्झाइमवरच्या दोन जाडजूड पुस्तकांच्या मधे काळी कापडी बांधणी होती. वरची चिठ्ठी काढून टाकलेली, खालची पिवळी तेवढी उरलेली.

जयानं शेवटचं पान उघडलं. शाईनं काढलेला नकाशा होता. तांड्याची घरं, थडगी, नाला, आणि नाल्यापलीकडं एक वर्तुळ. शेजारी बारीक अक्षरात नाव लिहिलेलं. बापूजींची हद्द त्या वर्तुळापासून बरीच लांब संपत होती.

"फाडता आलं असतं," मागून आवाज आला. विमलताई कपाटाला टेकून उभ्या होत्या. "हात नाही धजला. तुझ्यासाठी म्हणूनच काढला होता गं. चाळत बसले, आणि हे पान निघालं."

"सोमवारनंतर परत लावणार होतात?"

"हो."

"सोमवारनंतर काय उपयोग होता, ताई? चाळीस घरं आहेत."

विमलताई जवळ आल्या. "वंशावळीच्या प्रती काढून घे, मी शिक्का मारून देते. नकाशा तेवढा राहू दे. तांड्याचं काम होईल आणि बापूजींचं पण निभेल. नव्वदीचे आहेत ते. किती दिवस उरलेत त्यांचे?"

जयाला क्षणभर ते पटलंही. वंशावळी पुरे होत्या. मग तिला नळाचं पाणी नसलेल्या दिवसांत नाल्यातून हंडे वाहणारी आपली आई आठवली.

"अर्धा पुरावा देऊन मी काय सांगू? शेवटचं पान कुठंय असं कुणी विचारलं तर? आणि ते राहू द्या. तुम्ही सुनीलला लिहून दिलंय, असा ग्रंथच नाही म्हणून. आता हा प्रबंध नेला, तरी तो म्हणेल आम्ही बनवून आणला. चिठ्ठीही बदललेली. ते खोडून काढणारं माणूस एकच आहे."

विमलताईंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं. जयानं टेबलाशी जाऊन, रीतसर नोंद करून, सगळ्या पानांच्या प्रती मागितल्या. विमलताईंनी एकेका प्रतीवर शिक्का मारला, सही केली. नकाशाच्या पानावर सही करताना पेन जरा थांबलं. तेवढंच.

"सोमवारी याल?" जयानं विचारलं.

विमलताईंनी प्रतींच्या कडा जुळवल्या आणि गठ्ठा तिच्याकडे सरकवला.

६

सुनावणी जयाला भीती होती तशीच झाली. वंशावळी पाहून समितीचे अध्यक्ष थोडे पुढे झुकले, तोच सुनीलचा वकील उठला. त्यानं पत्र ठेवलं. ग्रंथालय स्वतः सांगतं की असा ग्रंथ नाही, आणि आठवड्याभरात तो भलत्याच क्रमांकावर सापडतो. सापडतो कुणाला, तर दाव्यातल्याच मुलीला. अध्यक्षांनी जयाकडे पाहिलं.

"तुमचं काय म्हणणं आहे?"

जयानं क्रमांकाचं समजावून सांगितलं. ती बोलत असतानाच तिला दिसत होतं की समोरच्यांना ते सगळं जरा जास्तच तिच्या सोयीचं वाटतंय. तिच्यामागं खेमसिंग आणि तांड्याची चार माणसं टोप्या मांडीवर ठेवून बसली होती.

दार उघडलं तेव्हा ती बोलायची थांबली. विमलताई आत आल्या. हातात मूळ प्रबंध होता, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.

"मी ग्रंथपाल," त्या उभ्यानंच म्हणाल्या. "पत्र माझं आहे, सही माझीच. पत्र खोटं आहे. प्रबंध साठ वर्षांपासून आमच्याकडे आहे, भेटनोंदीत मोहरीलबाईंच्या हातची सही आहे. चिठ्ठी मी काढली. लपवला मी."

"का?" अध्यक्षांनी विचारलं.

"शेवटच्या पानावर एक विहीर आहे. लोक म्हणतात ती आमच्या वावरात आहे. विहीर आमच्या वावरात नव्हती, साहेब. आमचं वावर विहिरीपर्यंत गेलं."

वकील पत्र उचलायला पुढं झाला आणि तसाच मागे बसला. अध्यक्षांनी प्रबंध मागवून घेतला, मूळ आणि प्रती ताडून पाहिल्या. दुपारी निकाल लिहिला गेला. नामंजुरी रद्द, संशोधनाचा पुरावा ग्राह्य, पुढच्या महिन्यात नकाशा घेऊन जागेवर मोजणी. दावा अजून हातात आला नव्हता, पण मेलाही नव्हता. खेमसिंगनं डोळे पुसले आणि बिडी प्यायला बाहेर गेला.

जया जिन्याशी आली तेव्हा विमलताई कठड्याला धरून सावकाश उतरत होत्या. सकाळी बापूजींना सांगूनच त्या निघाल्या होत्या. बापूजींनी तोंड भिंतीकडं फिरवलं, एवढंच त्या म्हणाल्या. राजीनामा लिहून त्यांनी पिशवीत आणला होता. जयाला आभार मानावेत असं वाटत नव्हतं. रागही आता धड येत नव्हता.

"मोजणीला मी येते," विमलताई म्हणाल्या. "नकाशा जुना आहे, खुणा बुजल्यात. बांध आधी कुठं होता, ते मला दाखवता येईल."

"तुम्हाला कसं?"

"मी सहा-सात वर्षांची होते. बापूजी गडी घेऊन दगड हलवत होते आणि मी बांधावर त्यांची भाकर घेऊन बसले होते. पलीकडं तुझ्या तांड्यातल्या बाया रिकामे हंडे घेऊन उभ्या होत्या. भर दुपार होती."

विहिरीचं ताईंना प्रबंध उघडल्यावरच कळलं, असंच जयानं आजवर धरलं होतं. विमलताईंनी ते कधी म्हटलं नव्हतं. जयानंच ते धरलं होतं, कारण तिला ते बरं वाटत होतं.

विमलताई उरलेल्या पायऱ्या उतरून फाटकाकडे चालू लागल्या. जया जिन्यावर थांबली. थोड्या वेळानं खेमसिंग जवळ आला आणि विचारलं, "ते बाई एकटीच चालली काय?"

"हो," जया म्हणाली, आणि पिशवी खांद्याला लावून त्यांच्या मागे निघाली.